छातीवरची अक्षरे

2025 च्या सुरुवातीला बीड जिल्हा पोलीस दलात एक लहानसा बदल झाला. पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांनी सहकाऱ्यांना एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारायला सांगितले. आधी टेबलावरच्या पाट्यांवरून आणि मग गणवेशावरच्या नावपट्टीवरून आडनाव गेले. कारण सगळ्यांना ठाऊक होते. मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा 9 डिसेंबर 2024 रोजी अपहरण करून खून झाला होता, आणि त्यानंतर जिल्ह्यात पंचनामा कसा झाला हे विचारण्याआधी तो करणाऱ्याचे आडनाव विचारले जाऊ लागले होते. खाकी कपड्यावरची दोन इंचांची पट्टीही लोक जात शोधण्यासाठी वाचत होते.

ठाण्याच्या फाटकाबाहेर नेमके उलटे चित्र होते आणि आजही आहे. बसस्थानकासमोर, कॉलेजच्या कट्ट्यावर, आठवडी बाजारात पोरे फिरतात ती समाजाचे नाव, नेत्याचा चेहरा, घोषणा, राजमुद्रा, निळे अशोकचक्र असे काही ना काही छातीवर मिरवत. गळ्यात भगवा, पिवळा किंवा निळा गमछा असतो. सरकारी कपड्यावरून ओळख पुसायची धडपड चालू असताना रस्त्यावरचा कपडा तीच ओळख मोठ्या टायपात छापत होता. हे दोन्ही एकाच गावात, एकाच रस्त्यावर चालले होते.

शहरी नियतकालिकांत ‘स्ट्रीटवेअर’ या नावाने जे येते ते बहुधा न्यूयॉर्कच्या स्केटबोर्डवाल्यांपासून सुरू होते आणि मुंबईच्या एखाद्या महागड्या दुकानात संपते. पाच हजारांची हूडी, मोजक्या नगांची विक्री, रांगा, त्यावर चर्चा. त्या जगाशी माझे भांडण नाही, पण रस्त्यावर अंगात काय घालायचे यावरून जिथे माणसे मार खात आली, तिथली गोष्ट त्या चौकटीत मावत नाही. बीडमध्ये कपडा हा बोलण्याचा जुना प्रकार आहे आणि छापील टी-शर्ट हे त्याचे अगदी अलीकडचे रूप. या प्रस्तावनेत मला एवढेच मांडायचे आहे: या कपड्यांकडे कला म्हणून पाहायला हवे, आणि कला म्हणून पाहायचे तर त्यांना कसोटीही लावायला हवी.

सुरुवात मागून करावी लागते. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी मेलेल्याचे कपडे वापरावेत असे लिहिले आहे. गावगाड्याला हा श्लोक पाठ असण्याची गरज नव्हती. धोतर किती लांब असावे, लुगडे गुडघ्याच्या वर की खाली, पायात वहाण घालून वेशीतून जावे की ती काखेत धरावी, हे न लिहिता चालत आले. डिसेंबर 1927 मध्ये महाडला सत्याग्रह परिषदेसाठी जमलेल्या बायकांशी बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी म्हणूनच लुगड्याचा विषय काढला. ते पायघोळ नेसा, अंगावरचे जड दागिने उतरवा, पाहणाऱ्याला जात ओळखू येईल अशी एकही खूण ठेवू नका, असा त्या सांगण्याचा रोख होता. पाणी, मंदिर आणि मनुस्मृती यांच्या शेजारी त्यांनी कपड्याला जागा दिली. बाबासाहेबांच्या स्वतःच्या सुटाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. मराठवाड्यातल्या गावागावांत निळ्या कोटातला, हातात पुस्तक धरलेला पुतळा उभा आहे. त्या कोटाकडे साहेबी नक्कल म्हणून पाहणाऱ्याला तो ज्या गल्लीत उभा आहे त्या गल्लीचा इतिहास माहीत नसतो.

याच जिल्ह्यातले एक उदाहरण मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटते. एकनाथ आवाड माजलगाव तालुक्यातल्या दुकडेगावचे, मांग समाजातले. पुढे मानवी हक्क अभियान उभे करून गायरान जमिनींच्या लढ्यामुळे ते मराठवाडाभर ओळखले गेले. त्यांचे वडील पोतराज होते. पोतराजाचा पोशाख आठवून पाहा: उघडे अंग, कमरेला रंगीत खणांचा आणि चिंध्यांचा घागरा, पायात घुंगरू, कपाळभर हळदकुंकू, कधीच न कापलेले केस, हातात आसूड. मरीआईचा गाडा घेऊन दारोदार जायचे, आसूड स्वतःच्याच अंगावर ओढायचा आणि पसाभर पीठ मागायचे. निव्वळ डोळ्यांनी पाहिले तर या पोशाखात रंग, आवाज, हालचाल सारे काही आहे. लोककलेच्या महोत्सवात त्याला टाळ्याही मिळतात. पण तो घालणाऱ्याने निवडलेला नसतो. नवसाने, भीतीने, जन्माने तो त्याच्यावर चढवलेला असतो. आवाडांनी पोतराजांचे केस उतरवून त्यांना या प्रथेतून बाहेर काढण्याचे काम केले. कपडा उतरवणे हे बंड असू शकते हे मला त्यातून कळते. पोतराज साधा पांढरा सदरा आणि पायजमा घालून बाजारात आला, तर त्या दिवशी बाजारातला सगळ्यांत बंडखोर पोशाख तोच.

उलट्या वाटेने जाणारेही झाले. 1888 साली पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सन्मानार्थ मेजवानी होती. जरीच्या पगड्या आणि हिऱ्यांच्या अंगठ्या घातलेल्या पाहुण्यांत जोतीराव फुले शेतकऱ्याच्या वेषात गेले आणि खरी रयत माझ्यासारखी दिसते, हे राणीच्या मुलाला त्यांनी सांगितले. त्यांना चांगले कपडे परवडत नव्हते असे नाही. ते यशस्वी कंत्राटदार होते. नाकारलेला कपडा अंगावर घालणे आणि अपेक्षित कपडा घालायला नकार देणे, या दोन्ही वाटा महाराष्ट्रात शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच मळल्या होत्या.

बाहेरच्या जगात याला जोड सापडते. 1943 च्या जूनमध्ये लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर अमेरिकी खलाशांनी मेक्सिकन वंशाच्या पोरांना पकडून त्यांचे झूट सूट अंगावरून फाडले. ढगळ पँट आणि लांबलचक कोट असा तो सूट. युद्धामुळे कापडावर निर्बंध होते, आणि गरीब वस्तीतल्या पोराने इतके कापड अंगावर घालावे हेच मुळी डोळ्यांत खुपत होते. मराठवाड्यातल्या वाचकाला हे परके वाटणार नाही. 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि त्यानंतर गावोगावी दलित वस्त्या जळाल्या. त्या दिवसांबद्दल जुनी माणसे बोलू लागली की विद्यापीठाच्या पाटीआधी शिकलेल्या पोरांची पँट, त्यांचे इस्त्रीचे शर्ट, भांग, घड्याळ यांचा विषय निघतो. राग पाटीवर होता तितकाच त्या इस्त्रीवर होता. नामविस्तार व्हायला 14 जानेवारी 1994 उजाडले. ती खुन्नस मात्र पूर्ण संपलेली नाही. 2015 मध्ये शिर्डीत बाबासाहेबांच्या गाण्याच्या रिंगटोनवरून एका तरुणाचा जीव गेला. जिथे खिशातल्या फोनच्या आवाजाने माणूस मारला जातो, तिथे छातीवर ‘जय भीम’ लिहून हिंडणाऱ्या पोराला फॅशनवेडा म्हणून बाजूला सारता येत नाही.

दलित पँथरने 1972 मध्ये आपले नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतले. त्यांची काळी चामडी जाकिटे आणि तिरप्या टोप्या इथे आल्या नाहीत. परवडणाऱ्या नव्हत्या आणि आपल्या उन्हात शक्यही नव्हत्या. घोषणेचा टी-शर्ट तर फारच नंतर आला. 1984 मध्ये लंडनच्या कॅथरीन हॅमनेट या डिझाइनर बाईंनी मार्गारेट थॅचर यांच्यासमोर अण्वस्त्रविरोधी मजकुराचा टी-शर्ट घालून हस्तांदोलन केले आणि छायाचित्र जगभर छापून आले. अक्षर इतके मोठे हवे की फोटोतून वाचता यावे, हे गणित त्यांनी त्या दिवशी मांडले. आपल्या जिल्ह्यातल्या पोरांना ते कुणी शिकवले नाही. 2016 मध्ये त्यांनी ते स्वतःच शोधून काढले.

त्या वर्षी कोपर्डीत एका मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला, त्यानंतर औरंगाबादला 9 ऑगस्टला पहिला मराठा क्रांती मूक मोर्चा निघाला आणि महिना संपायच्या आत, 30 ऑगस्टला, बीडला निघाला. या मोर्चांची शिस्त गाजली. पुढे मुली, मागे बायका, मग पुरुष, शेवटी रस्ता झाडणारे स्वयंसेवक. घोषणा नाही, भाषण नाही. लाखभर माणसांनी तोंड बंद ठेवायचे ठरवले तेव्हा त्यांचे म्हणणे कपड्यावर उतरले. काळे टी-शर्ट, त्यावर भगवी-पांढरी अक्षरे, ‘एक मराठा, लाख मराठा’, दंडाला काळी फीत. मोर्चाचा आवाज तिथे कापडातून येत होता, आणि म्हणून माझ्या मते मराठवाड्यातल्या छापील टी-शर्टचा खरा जन्म त्या मुक्या गर्दीत झाला. त्याआधी छापील टी-शर्ट होते. निवडणुकीचे होते, गणेश मंडळांचे होते. पण बोलायचे नाही म्हणून घालायचा, असा तो पहिलाच.

पुढच्या काही वर्षांत रंग पक्के होत गेले. शिरूर कासार तालुक्यातल्या मातोरीचे मनोज जरांगे जालन्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणासाठी उपोषणाला बसले. 1 सप्टेंबर 2023 रोजी तिथे लाठीमार झाला आणि भगवा गमछा घराघरांत पोचला. ओबीसी आरक्षणाच्या बचावासाठी सभा सुरू झाल्या, तिथे पिवळी उपरणी आणि पिवळ्या टोप्या दिसू लागल्या. निळा आधीपासून होताच. 30 ऑक्टोबर 2023 ला बीड आणि माजलगावात जाळपोळ झाली. तेव्हापासून कुठल्या चौकात कुठला गमछा काढून खिशात ठेवायचा, याचा हिशोब पोरे करू लागली. रंगांची ही भाषा इतक्या लवकर इतकी स्पष्ट झाली याचा मला अभिमान वाटत नाही, काळजी वाटते. तरी ती वाचावी लागेल. न वाचता या जिल्ह्याबद्दल लिहिणे म्हणजे अर्धेच लिहिणे.

हे कपडे कोण करतो? बहुतेक वेळा फ्लेक्सवाला. तालुक्याच्या गावी एखाद्या गाळ्यात एक संगणक, एक हीट प्रेस, भिंतीला टेकवलेल्या स्क्रीनच्या चौकटी आणि कोपऱ्यात पांढऱ्या टी-शर्टचे गठ्ठे. मोर्चाची तारीख ठरली की रात्री फोन येतो: सकाळपर्यंत दोनशे नग. संगणकावर कोरल उघडते, श्री-लिपीतला जाडजूड फॉन्ट निवडला जातो, ‘क्रांती’मधल्या रकाराची किंवा वेलांटीची शेपटी ओढून तिची तलवार होते, पेन होते, कधी नांगराचा फाळ होतो. बाबासाहेबांचा चेहरा आता फक्त चश्म्याच्या दोन गोलांनी आणि कपाळाच्या रेषेने काढतात, आणि तो लांबून ओळखू येतो. शिवाजी महाराजांची बाजूने दिसणारी मुद्रा जिरेटोप, नाक आणि दाढी एवढ्यावर उभी राहते. इतक्या कमी रेषांत इतके भरण्याची कला शिकायला लोक चित्रकला महाविद्यालयात पाच वर्षे घालवतात. इथे ती गिऱ्हाइकाच्या घाईतून आली. एक रंग वाढला की एक स्क्रीन वाढते आणि नगामागे दर वाढतो; म्हणून आकार साधे झाले, रेषा ठळक झाल्या.

या कारागिरीतली एक गोष्ट मला बोचते. दोनशे नग एका रात्रीत काढायचे तर सब्लिमेशन सोपे पडते. डिझाइन कागदावर छापायचे, टी-शर्टवर ठेवायचे, सुमारे 200 अंश तापमानाच्या प्रेसखाली मिनिटभर दाबायचे. शाई वाफ होऊन धाग्यात उतरते. पण ती उतरते फक्त पॉलिएस्टरमध्ये. सुती कापडावर हा रंग टिकत नाही. गेवराई, माजलगाव, वडवणी हा कापसाचा पट्टा. कापसाला भाव मिळावा म्हणून याच रस्त्यांवर आंदोलने होतात, आणि त्या आंदोलनात अंगावर असलेला कपडा पॉलिएस्टरचा असतो, बाहेरच्या राज्यातून गठ्ठ्याने आलेला. यात घालणाऱ्या पोराचा दोष नाही. त्याच्या खिशाला तोच परवडतो. बोंड आपल्या रानात, जिनिंग आपल्या तालुक्यात, पण त्याचा स्वस्त छापील टी-शर्ट आपल्या बाजारात मिळू शकत नाही, एवढी मोठी तक्रार त्या छातीवर लिहिलेली नाही. ती कापडातच आहे.

आता कसोटीचे. छातीवर काही लिहिले म्हणजे बंड झाले असे मी मानत नाही. आमदाराच्या वाढदिवसाला त्याचा फोटो छापून वाटलेला टी-शर्ट हा गणवेश आहे, मग त्यावर वाघ असो की सिंह. वाळूच्या ठेकेदाराच्या मागे फिरणाऱ्या टोळीचा एकसारखा काळा शर्टही गणवेशच. कपडा बंडखोर आहे की नाही हे ओळखायला मी एक साधा प्रश्न विचारतो: हा घालून कुठे गेले तर घालणाऱ्याला काही गमवावे लागेल? वाटलेल्या टी-शर्टला गमवायचे काही नसते, उलट जेवण मिळते. या प्रश्नावर जिल्ह्यातले निम्मे छापील कपडे गळतील. उरलेले फार महत्त्वाचे आहेत.

मुंबईत सुधीर राजभर यांनी ‘चमार स्टुडिओ’ उभा केला, तो या प्रश्नाला उतरतो. धारावीतल्या कातडी कारागिरांसोबत काम करायचे आणि पिशव्या टाकाऊ रबराच्या करायच्या. जो शब्द शिवी म्हणून फेकला जातो तोच दुकानावर, मालावर, अंगावर लावायचा. तो शब्द असलेली पिशवी खांद्यावर घेणाऱ्या प्रत्येकाला ती घेताना क्षणभर विचार करावा लागतो. बीडमध्ये असे काम अजून उभे राहिलेले नाही. कातडी काम करणारी घरे आहेत, हात आहेत, शिवीचा अनुभव तर आहेच.

बायकांच्या कपड्याबद्दल मात्र मला थोडे थांबून लिहायचे आहे, कारण छापील टी-शर्टची ही सगळी गोष्ट जवळपास पुरुषांचीच आहे.

दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास या जिल्ह्यातून लाखो माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम उचल देतो ती त्या जोडीला. फडात उतरताना बाई लुगड्यावर नवऱ्याचा जुना फुलशर्ट चढवते, बटणे गळ्यापर्यंत लावते, बाह्या मनगटापर्यंत ओढते आणि डोक्याला टॉवेल गुंडाळते. उसाचे पाचट कातडी कापते म्हणून. शर्टाची कॉलर उलटी वळलेली असते, कोपराशी ठिगळ, खिशात तंबाखूची पुडी किंवा मोबाईल. पुरुषाचा शर्ट बाईच्या अंगावर इतक्या मोठ्या संख्येने रोज दुसरीकडे कुठे दिसत असेल असे मला वाटत नाही. त्यावर कुणी काही छापलेले नाही. तो निषेधाचा कपडा म्हणून कुणी मानलेलाही नाही. 2019 मध्ये याच बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गेला. नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत 82,309 बायकांपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. पाळीच्या दिवसांत खाडा पडू नये, दंड बसू नये, हे त्यामागचे एक कारण. तो शर्ट आणि ही आकडेवारी एकाच शरीरावरची आहे. मोर्चाला येताना मात्र बाई तो शर्ट घरी ठेवून ठेवणीतली साडी नेसते, कारण कलेक्टर कचेरीवर जायचे तर नीटनेटके जायचे ही तिची इज्जत आहे, आणि तिला ते तसेच करू द्यावे. पण उद्या तिने ठरवून, हजारोंच्या संख्येने, तो शर्ट लुगड्यावर चढवून बीडच्या रस्त्यावर यायचे ठरवले, तर तिला एकही अक्षर छापून घ्यावे लागणार नाही.

बंजारा बायकांनी असे काहीसे केले आहे. हैदराबाद गॅझेटच्या आधारे अनुसूचित जमातीत समावेश करावा या मागणीसाठी सप्टेंबर 2025 मध्ये बीडला बंजारा समाजाचा मोर्चा निघाला. तांड्यावरच्या म्हाताऱ्यांची फेटिया-कांचळी, आरशांचे भरतकाम, कवड्या, हातभर चुडा यांना त्या मागणीत वेगळेच वजन आले. नव्या पिढीच्या पोरींनी शाळेत चिडवाचिडवी नको म्हणून जो पोशाख पेटीत ठेवला होता, तो आता पुरावा झाला: आम्ही कोण आहोत हे कागदावर सापडत नसेल तर इथे पाहा. शंभर वर्षांपूर्वी महाडला खूण पुसायला सांगितले गेले होते. इथे खूण पुढे धरली गेली. दोन्ही वेळी हेतू एकच होता, माणूस म्हणून हक्क मिळवण्याचा. परिस्थिती बदलली की कपड्याची चाल बदलते, आणि म्हणून कुठलाही एक पोशाख कायमचा क्रांतिकारक ठरवायला मी तयार नाही.

या विषयावर काम करू पाहणाऱ्यांना एक अडचण लगेच येईल. हे कपडे उरत नाहीत. मोर्चा संपला की टी-शर्ट शेतात जातो, मग गोठ्यात, मग ट्रॅक्टर पुसायला. स्क्रीनची जाळी धुऊन पुढच्या कामाला लागते. संगणकातली फाइल जागा नाही म्हणून पुसली जाते. कुठल्याही संग्रहालयात 2016 चा बीडचा काळा टी-शर्ट मी पाहिलेला नाही. पैठणी जपली जाते, हिमरू जपला जातो, पुतळ्याला घातलेला हारसुद्धा चार दिवस जपतात. तेव्हा ज्यांच्या घरी असे कपडे आहेत त्यांनी ते पोतेऱ्याला काढू नयेत. धुऊन, घडी करून ठेवावेत, आणि आत चिठ्ठी घालावी: कुठला मोर्चा, कुठली तारीख, कुणी घातला, कुठल्या गाळ्यात छापला, किती रुपये पडले. छापणाऱ्याचे नाव आवर्जून लिहावे. हवे तर आडनाव लिहू नका.